सुट्या भागांचा इतिहास

आपल्या शिवणवर्गातील इलेक्ट्रॉनिक यंत्र अखेर निकामी झाले. आतील सर्किटची पाटी जळली व तशी दुसरी कोठेही मिळेना. भंगारवाला वजनावर भाव सांगू लागला, तेव्हा ‘आधी उघडून तर पाहू’ असे भगिनींचे मत पडले. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून ती उतरल्याची जाणत्याकडून खात्री करून घेतली व मग पेचकस हाती धरला.

प्रथम निघाली सुई. हिचे नेढे टोकाशी, हातसुईच्या अगदी उलट. ही युक्ती व दोन दोऱ्यांचा टाका अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी 1834 च्या सुमारास यंत्रात साधला होता. परंतु पेटंट घेतले नाही. हाताने शिवणाऱ्या बायकांची भाकरी जाईल, असे त्यांच्या कन्येने, कॅरोलाइनने, सुचविले म्हणून, असे सांगतात. पुढे 1846 साली पेटंट घेतले ते इलायस होव यांनी, व पैसाही त्यांनाच मिळाला. पॅरिसमध्ये तर तिमोनिये यांची यंत्रे 1831 साली शिंप्यांनीच मोडून टाकली! त्या मुलीची भीती अगदीच पोरकट नव्हती. यंत्र आल्यावरही थोड्या मजुरीत पुष्कळ शिवण्याचे काम बायकांच्याच वाट्यास आले.

खाली दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती नेणारे हूक निघाले. फिरत्या हुकाचे पेटंट ॲलन विल्सन यांचे, 12 ऑगस्ट 1851 चे; सिंगर यांचे शिवणयंत्राचे पहिले पेटंटही त्याच दिवसाचे. कापड सारणाऱ्या दातांची चार चालींची रचनाही विल्सन यांचीच, 1854 ची. हे सर्व भाग धड होते. मेली होती ती फक्त पाटी. सिंगर कंपनीने 1975 साली ‘अथेना 2000’ हे यंत्र काढले, तेव्हा नक्षीचे टाके घालणाऱ्या शेकडो धातूच्या भागांचे काम एका चिपकडे गेले. लोखंडी भाग झिजला तर मिस्त्री कानस लावून बसवून देतो. चिपला कानस काय लावणार?

पिको-फॉलवर घर चालविणाऱ्या आमच्या एका भगिनीचे गुडघे दुखतात. निघालेली मोटार तिच्या पायमशीनला लागेल, अशी फार आशा होती. परंतु ती पाटीच्याच हुकमाने चालणारी, लागली नाही. चेन लावण्याचा पाय तेवढा तिच्या उपयोगी पडला. बाकीचे पाय, बॉबिन केस व स्क्रू वर्गाच्या डब्यात ठेवले आणि पाटी ई-कचरा नेणाऱ्यास दिली. हूक मात्र टेबलावरच आहे. नव्या मुली ते हाताने फिरवून, फास कसा पडतो ते पाहतात.