झिजलेल्या अक्षराची ओळख

१८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या 'अ केस ऑफ आयडेंटिटी' या कथेत शेरलॉक होम्स टंकलिखित पत्रांवरून एक लबाडी उघडकीला आणतो. पत्राखालची सहीसुद्धा टंकलिखितच. परंतु 'ई' अक्षर जागोजाग किंचित पुसट झालेले आणि 'आर'च्या शेपटीत बारीकशी खोट. वापरात जुने झालेले टंकलेखन यंत्र हस्ताक्षराइतकेच स्वतंत्र असते, हा होम्सचा सिद्धांत. झीज हीच ओळख.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९१ मध्ये, डच अक्षररचनाकार एरिक व्हान ब्लोकलँड यांचा 'ट्रिक्सी' हा फाँट प्रसिद्ध झाला. शाई साचलेल्या, कडा फाटलेल्या टंकलिखित अक्षरांचेच हे संगणकीय रूप. १९९३ पासून 'द एक्स-फाइल्स' या मालिकेच्या शीर्षकातून ते घरोघर पोहोचले, आणि गुप्त दस्तऐवज म्हणजे असे अक्षर हा संकेतच रूढ झाला.

मुद्रणाच्या इतिहासात ही उलटी गंगाच म्हणायची. बास्करव्हिल याने १७५७ साली व्हर्जिल छापला तो अक्षराची कड धारदार उठावी म्हणून कागदापासून शाईपर्यंत सारे नव्याने सिद्ध करून. झिजलेले खिळे छापखान्यात वितळवले जात. त्यांचे कौतुक कोणी करीत नसे. आपल्याकडे १९५०च्या दशकात 'शब्द'सारखे लघुअनियतकालिक सायक्लोस्टाईलवर निघाले ते हाताशी पैसा नव्हता म्हणून. तिथला फिकटपणा ही शैली नव्हती, परिस्थिती होती. १९८०च्या दशकाअखेर मात्र लेझर प्रिंटरने निर्दोष अक्षर कोणाच्याही टेबलावर आणून ठेवले, आणि दोषाला एकाएकी किंमत आली.

अडचण अशी की ट्रिक्सीतला दोष घडत नाही, तो साठवलेला असतो. खऱ्या यंत्रात प्रत्येक ठोक्याचा जोर आणि रिबनची शाई कमीअधिक होते. फाँटमध्ये 'ई'ची जखम दर वेळी तंतोतंत तीच. एकाच शब्दात दोन 'ई' आले की सोंग उघडे पडते. होम्सला या पत्रावरून माणूस सापडला नसता, फार तर फाँटचे नाव सापडले असते. हा माझ्या मते केवळ तांत्रिक उणेपणा नव्हे: ज्या झिजेने एक यंत्र दुसऱ्यापासून वेगळे होई, तीच इथे हजारो संगणकांवर एकसारखी विकली गेली.

व्हान ब्लोकलँड यांना ही गोष्ट उमगली नव्हती असे मुळीच नाही. युस्ट व्हान रोसुम यांच्यासह त्यांनी ट्रिक्सीच्या आधीच 'बेओवुल्फ' रचला होता. छपाईच्या क्षणी त्यातील प्रत्येक अक्षराची कड पोस्टस्क्रिप्टच्या आज्ञेने यदृच्छया वेडीवाकडी होई. एकच पान दोनदा छापले तर दोन्ही प्रती भिन्न. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ मध्ये तो संग्रहात घेतला. पण बदलत्या संगणकप्रणालींत ही युक्ती चालेनाशी झाली, आणि पुढच्या आवृत्तीत प्रत्येक अक्षराची अनेक रूपे आधीच रेखून ठेवावी लागली. २००८च्या 'ट्रिक्सी एचडी'तही तोच उपाय आहे: पर्यायी अक्षरे आळीपाळीने येतात. धीराने मोजत बसलेल्या वाचकाला ती अजूनही पुन्हा भेटतात.