चित्रशाळेंतील वसंत

फाल्गुन लागला म्हणजे ह्या नगरांतील प्राथमिक शाळांच्या भिंतींवर मुलांचीं चित्रें दिसूं लागतात. आपल्या धर्मग्रामांतील मुलेंहि उपवासकाळाच्या अखेरीस पुनरुत्थानाच्या सणासाठीं शुभेच्छापत्रें रंगवितात. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत देवालयाविषयीं व पूर्वीच्या धर्मगुरूंविषयीं इतरांनीं लिहिलेंच आहे. आम्हीं मात्र मुलांच्या चित्रांचा विषय घेतला आहे. विषय लहान दिसतो खरा. पण मुलाच्या हातीं दिलेला नमुना मुळांत कोठून आला हें शोधूं जातां बराच इतिहास हातीं लागतो. त्यांत आमचीहि एक चूक आहे. ती पुढें येईल.

सर जमशेटजी जिजीभाई यांनीं चित्रशाळेसाठीं १८५३ सालीं एक लक्ष रुपये देऊं केले व १८५७ सालीं मुंबईस ती शाळा सुरू झाली. तेथील शिक्षणावर विलायतेंतील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीची छाप होती. त्या पद्धतीच्या पायऱ्या तेवीस! आधीं रेषा, मग नक्षीची नक्कल, मग छाया. खरें फूल समोर ठेवून काढावयाचें तें त्यानंतर. कारागीर घडविण्यास ही शिस्त वाईट नव्हती, हें आम्ही कबूल करितों. परंतु तीच शिस्त हळूहळू लहान मुलांच्या वर्गांत उतरली, आणि नमुन्याबरहुकूम काढणें म्हणजेच चित्र काढणें, असा समज घरोघर रुजला.

नकलेच्या ह्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण आपल्या जिल्ह्यांतच घडलें. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचें काम मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें केलें. त्यांतील बहुतेक प्रती लंडनजवळील स्फटिकप्रासादाच्या १८६६ च्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ ते १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या त्याच चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांकडून नव्या प्रती करविल्या. त्यांतीलहि पुष्कळ १८८५ च्या आगींत गेल्या. मूळ चित्रें मात्र लेण्यांत राहिलीं. ज्यांनीं तीं छतें रंगविलीं, त्यांनीं गेरू, पिवळी माती, काजळ असे रंग वापरून कमळें, फळें व हंस काढिले. डोळ्यांनीं पाहिलेलें तेंच हातांत उतरलें, हें तेथें उभें राहिल्यावर कोणासहि कळतें.

१९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांनीं पुनः प्रतींचें काम काढिलें, तेव्हां हैदराबाद राज्याचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन यांच्यासह बंगालचे तरुण नंदलाल बोस तेथें आले होते. पुढें नंदलालबाबूंनीं शांतिनिकेतनांत मुलांना झाडाखालीं बसवून ऋतु पाहण्यास शिकविलें. त्यांच्या शाळेंत तयार झालेले देवी प्रसाद १९४४ सालीं वर्ध्याजवळील सेवाग्रामास आले आणि नयी तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवूं लागले. मुलाला स्वतःचें म्हणून कांहीं सांगावयाचें असतें, तें आधीं ऐकावें, अशी त्यांची धारणा. व्हिएन्नांत फ्रांझ सिझेक यांनीं हेंच त्यांच्या कितीतरी आधीं करून दाखविलें होतें.

औरंगाबादेंत हें वारें उशीरा पोहोंचलें. निजामाच्या राज्यांत शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. श्री सरस्वती भुवनासारखी १९१५ पासूनची संस्था मराठीचा दिवा लावून होती. १९४८ सालीं निजामी संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. मग मोठ्या मुलांसाठीं एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या रेखाकला परीक्षाहि इकडे परिचयाच्या झाल्या. त्यांत वस्तुचित्र आहे, तसेंच स्मरणचित्रहि आहे. होळी किंवा बाजार पाहून ध्यानांत ठेवणाऱ्या मुलास तेथें वाव मिळतो. पण वसंत ऐन बहरांत असतां शाळांत वार्षिक परीक्षेची घाई, आणि घाईच्या वेळीं गुरुजी नमुन्याकडेच वळतात.

आम्हीहि वळलों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत सणाचीं पत्रें करविण्याचें काम आमच्याकडे आलें. औरंगपुऱ्यांतील दुकानांतून आम्हीं छापील नमुने आणिले: पांढरी लिली, ससे, रंगीत अंडीं आणि विलायती कुरण. मुलांनीं तें इमानानें उतरविलें. एका मुलीनें मात्र पाने नसलेलें वाकडें झाड काढून त्यावर नुसते लाल-केशरी डाग दिले. “बाळ, हें झाड जळतें आहे काय?” असें आम्हीं विचारिलें. मुलें हंसलीं. तिनें मुकाट्यानें नवा कागद घेऊन लिली काढिली. दोनच दिवसांनीं दौलताबादेकडे जातांना रस्त्याकडेला पळस फुललेला दिसला. एक पान नाहीं, सारें झाड केशरी. मुलगी बरोबर होती. शाळेंत परत जाऊन तो पहिला कागद आम्हीं शोधिला. तो केराबरोबर गेला होता. तिची क्षमा मागितली, तेव्हां ती नुसती “असूं द्या, फादर” म्हणाली.

वास्तविक आम्हांस हें आधींच सुचावयास हवें होतें. फादर स्टीफन्स इंग्लंडांत जन्मले, १५७९ सालीं गोव्यास आले. पण १६१६ सालीं छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणांत मराठीचें कौतुक करितांना त्यांनीं फुलांतून मोगरी निवडली. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं पवित्र मरियेस साडी नेसविली, त्याबद्दल आपल्याच लोकांचे बोल सोशिले, आणि पुण्यास राहून काम चालू ठेविलें. सेमिनरींत हीं नांवें आम्हीं अभ्यासिलीं होतीं. दुकानांत उभे असतां एकहि आठवलें नाहीं.

तेव्हांपासून नमुने बंद आहेत. मुलें पळसाचीं गळालेलीं फुलें वेंचून आणितात. तीं उकळून, किंचित् तुरटी घालून पिवळा-केशरी रंग निघतो. हळदींत चुना मिसळला कीं लाल रंग तयार, आणि हा चमत्कार पाहण्यासाठीं मागच्या बांकावरचींहि पुढें धांवतात. काळ्यासाठीं कोळसा पुरतो. मिळाल्यास कागजीपुऱ्याचा हातकागद आणवितों. त्यावर रंग पसरतो अशी लहानांची तक्रार आहे, व ती खरी आहे. कोणी आंब्याचा मोहोर काढितो, कोणी गुढीची कडुनिंबाची डहाळी, कोणी झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक. एकानें तर गतवर्षीं नुसता पाण्याचा टँकर व त्यामागची रांग काढिली. चैत्रांतलें तेंहि दृश्य खरेंच, म्हणून तेंहि टांगिलें. हळदीचा रंग उन्हानें उडतो, म्हणून हीं चित्रें फार दिवस टिकत नाहींत.

महोत्सवानिमित्त यंदाचीं चित्रें सणाच्या दिवसापासून सभागृहांत खिडक्यांपासून दूर लाविलीं जातील. पालकांनीं अवश्य यावें. मुलांस मदत म्हणून घरून छापील पुस्तकें मात्र पाठवूं नयेत. त्यापेक्षां पळसाचीं फुलें पाठविल्यास आम्ही आभारी होऊं, कारण गेल्या वेळीं तीं कमी पडलीं होतीं.