महाजनांचा हिशेब कुठे चुकला?

परवा पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत एक पोरगा टॅब घेऊन सर्व्हेला आला. पहिलाच प्रश्न, "पंतप्रधानांच्या कामावर समाधानी आहात का?" शेजारचे काका म्हणाले, "हो, लिही. आता नळाला पाणी किती दिवसांनी येतं तेही विचार." तो प्रश्न त्याच्या यादीतच नव्हता!

नेत्याची लोकप्रियता राज्याराज्यात मोजायची पद्धत अमेरिकेतली. १९६० मध्ये केनेडींनी लुई हॅरिस यांना वेस्ट व्हर्जिनियात सर्व्हे करायला लावला. आधी पुढे असलेले केनेडी कॅथलिक आहेत हे लोकांना कळल्यावर तिथे मागे पडले. सर्व्हेनं दुखणं दाखवलं, मग त्यांनी धर्माचा मुद्दा टाळायचं सोडून उघड बोलायला सुरुवात केली आणि जिंकले. म्हणजे सर्व्हे खूश व्हायला नाही, कुठं दुखतंय ते बघायला.

आपल्याकडे या कामात वाकबगार माणूस म्हणजे अंबाजोगाईचे प्रमोद महाजन. मराठवाड्याचा माणूस म्हणून कौतुक आहेच, पण हिशेब मांडायला हरकत नाही.

१९९९ आठवतंय? एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, मग कारगिल झालं. अटलजींची हवा होती. महाराष्ट्रात युतीनं मुदतीच्या सहा महिने आधीच विधानसभा बरखास्त करून लोकसभेसोबत निवडणूक घेतली. अटलजींच्या नावावर राज्यही निघेल, हा हिशेब. समोर काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढत होते, म्हणजे मैदानही सोयीचं. निकाल काय? लोकसभेला ४८ पैकी २८ जागा युतीला. विधानसभेला मात्र २८८ पैकी १२५, शिवसेना ६९ आणि भाजप ५६. बहुमताला १४५ लागतात. काँग्रेस-राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले आणि विलासराव मुख्यमंत्री झाले. तेच मतदार, तेच केंद्र, दोन मतं वेगळी. वाजपेयी आवडणं आणि राज्य सरकार आवडणं या दोन गोष्टी लोकांनी बरोब्बर वेगळ्या केल्या.

हा धडा घरातच मिळाला होता. तरी २००४ ला पुन्हा तेच. डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकले, सर्व्हेही गोड बोलत होते, म्हणून लोकसभा मुदतीआधी. 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती, फोन उचलला की अटलजींचा रेकॉर्ड केलेला आवाज. प्रचाराची सूत्रं महाजनांकडे. तीन राज्यांची हवा अख्ख्या देशाची धरली गेली. तिकडे आंध्रात चंद्राबाबूंचा पक्ष ४२ पैकी ५ वर आला, तमिळनाडूत सगळ्या ३९ जागा द्रमुक आघाडीनं नेल्या. भाजप १८२ वरून १३८. गंमत म्हणजे महाराष्ट्रात युतीनं तरीही २५ जागा राखल्या. महाजनांनी पराभवाची जबाबदारी घेतली. हे मात्र मानायला पाहिजे, आता कोण घेतं?

आणि आपल्याच शहराचं बघा. २०१९ ला मोदींच्या नावावर युतीनं राज्यात ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. इथं खैरे ४,४९२ मतांनी पडले, इम्तियाज जलील खासदार झाले. अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी २ लाख ८३ हजारांवर मतं घेतली. पंतप्रधान आवडतात का, एवढंच त्या वेळी इथं विचारलं असतं तर यातलं काय कळलं असतं?

तो पोरगा पुन्हा आला तर त्याला काकांकडेच पाठवतो.