प्रशिक्षण-साहाय्य सेवा, लष्करी (कंत्राटी)

सैन्याच्या प्रशिक्षणसंस्थांना लागणारी सिम्युलेटर यंत्रे, त्यांची देखभाल आणि इतर पूरक कामे कराराने बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवण्याची पद्धत. नाशिकमध्ये ही पद्धत देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी आणि गांधीनगर येथील लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांची ‘कॅट्स’ ही संस्था यांच्यामुळे महत्त्वाची ठरते.

धोरण : निवृत्त लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने सैन्याची लढाऊ क्षमता आणि संरक्षण खर्च यांविषयी २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या ६५ शिफारशी सरकारने २०१७ मध्ये स्वीकारल्या. लष्करी दूधफार्म बंद झाले आणि सुमारे ५७ हजार पदांच्या फेरवाटपाला मान्यता मिळाली. २०२० च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत सामग्री भाड्याने घेण्याची वाट खुली झाली. २०२१ च्या सिम्युलेटरविषयक धोरणाने ही यंत्रे बनवण्याबरोबरच चालवण्याचे कामही भारतीय कंपन्यांना देण्यावर भर दिला.

‘मूळ काम लष्कराचे, जोडकाम कंत्राटदाराचे’ ही नेहमीची विभागणी मात्र अपुरी आहे. तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला की पलीकडे हे पाहून दुरुस्ती सांगतो. सिम्युलेटरवर हाच सराव दारूगोळा न जाळता होतो. यंत्र इतके तास चालू राहिले एवढ्यावरच कंपनीला पैसे मिळणार असतील, तर पडद्यावरचा भूभाग आणि शत्रूची चाल जुनाट झाली तरी करार पाळलाच जातो. म्हणून मूल्यमापन आणि सरावाचा आराखडा लष्कराच्याच हाती हवा, आणि यंत्राच्या आत काय चालते ते समजणारे गणवेशातले तंत्रज्ञही हवेत.

यावर आक्षेप असा, की एवढी महागडी यंत्रणा एकट्या लष्कराला परवडत नाही. तो बराचसा खरा आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांच्या बंगळुरूतील ‘हॅट्सऑफ’ या २०१० मध्ये सुरू झालेल्या सिम्युलेटर केंद्रात एकाच हलत्या तळावर ध्रुव, बेल ४१२, डॉफिन यांचे कॉकपिट आलटून पालटून चढवतात, लष्करी व नागरी वैमानिकांत खर्च वाटला जातो. पण हा युक्तिवाद यंत्र वाटून घेण्याचा आहे, निर्णय वाटून घेण्याचा नव्हे. निर्णय दीर्घ कराराने बांधले गेले तर काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. ब्रिटनने २००८ मध्ये वैमानिक प्रशिक्षणाचा २५ वर्षांचा करार ‘असेंट’ कंपनीशी केला. २०१० च्या संरक्षण आढाव्यात वैमानिकांची गरज घटली, २०१५ मध्ये पुन्हा वाढली. २०१९ पर्यंत उमेदवार प्रशिक्षणाची वाट पाहत थांबल्याची नोंद तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने केली. दोष एकट्या कंपनीचा नव्हता. मात्र गरज पाच वर्षांत बदलते, तेव्हा पाव शतकाचा करार लष्कराचेच हात बांधतो.

खर्चात नेमकी किती बचत होते, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.



देवळालीसाठी असे करार करायचेच तर ते अल्प मुदतीचे असावेत, आणि सरावाच्या नोंदींची मालकी लष्कराकडे राहील हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असावे.