गुडघ्याची संधिझीज : उतारवयातील शस्त्रक्रिया

गुडघ्यातील कूर्चा झिजून हाडांची टोके एकमेकांवर घासू लागणे म्हणजे संधिझीज. वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वेदनाशामके आणि काठी यांनी भागेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. निर्णय एक्स-रेपेक्षा रुग्णाच्या हालांवर ठरावा. चित्रात सांधा पुरता झिजलेला, पण माणूस रोज बाजारहाट करून येतो, अशा माणसाला घाई नको.

दुर्बिणीतून सांधा धुऊन काढण्याचा उपाय एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे 180 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2002) नुसती कातडीला चीर दिलेल्यांनाही तेवढाच आराम पडला. केवळ झिजेसाठी हा खर्च आज समर्थनीय नाही. नडगीचे हाड कापून पायाचा बाक सरळ करण्याची शस्त्रक्रिया साठीच्या आतल्या, कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णांना सोयीची. वृद्धांत ती क्वचितच होते. झीज एकाच बाजूला आणि अस्थिबंध शाबूत असतील तर अर्धा सांधा बदलता येतो. यात रुग्ण लवकर सावरतो, पण पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता अधिक असते.

मुख्य पर्याय संपूर्ण सांधेबदलाचा. यात अख्खा गुडघा काढत नाहीत. हाडांच्या टोकांचा काही मिलिमीटर थर कापून त्यावर धातूचे आवरण व मधे पॉलिथिलिनची चकती बसवतात. आजच्या रोपणांचा पाया असलेला ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा न्यूयॉर्कमध्ये 1974 साली प्रथम बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये बदलला. घरोघरच्या आजी-आजोबांना ही शस्त्रक्रिया ठाऊक झाली ती तेव्हाच्या बातम्यांतून. दोन गुडघ्यांत ठेवलेले आठ महिन्यांचे अंतरही ध्यानात घेण्याजोगे आहे: हृदयविकार असलेल्या वृद्धाचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलणे जोखमीचे असते.

रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालवतात. रक्ताची गुठळी व जंतुसंसर्ग हे मोठे धोके. म्हणून मधुमेह आधी आटोक्यात हवा. 2019 च्या एका आढाव्यानुसार सुमारे 82 टक्के संपूर्ण सांधे 25 वर्षे टिकतात. तरीही पाचातला एखादा रुग्ण नाराज राहतो. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे सहसा टाळायला सांगतात, हे कुटुंबाने आधीच समजून घ्यावे. रोबोच्या साहाय्याने काप अचूक येतो. पण त्यामुळे रुग्ण अधिक सुखाने चालतो, असे ठामपणे दिसलेले नाही.

आता यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील रुग्ण नाशिक शहरातच दाखल होतात. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण गुडघ्याची कमाल किंमत 54,720 रुपये अधिक कर अशी ठरवली. खोली, शस्त्रक्रिया व भूल यांचे शुल्क मात्र या मर्यादेबाहेर आहे. रोपणाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि किंमत बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. ते बिल मागून घ्यावे व जपून ठेवावे.