केसांचा खटला

मुलाखतीचे बोलावणे आले की तरुणाची पहिली धाव न्हाव्याकडे असते. प्रमाणपत्रे मागाहून शोधली जातात. केस मानेवर रुळत असतील तर घरातील वडीलधारी मंडळी आधी तिकडेच बोट दाखवितात. शेंडी ठेवावी की काढावी, यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत पुष्कळ वाद झाले आहेत. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही. परंतु केसांपायी नोकरी नाकारली गेली आणि त्यावरून एक तरुण थेट न्यायालयात गेला, त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मेकन हे शहर आहे. त्याच्याजवळ बायरन येथे १९७० च्या जुलैच्या आरंभी संगीताचा प्रचंड मेळा भरला. लाखांवर तरुण लोटले. त्यांच्या वाढलेल्या केसांची, दाढ्यांची आणि स्वैर वागण्याची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, आणि मेकनचे व्यापारी अस्वस्थ झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस विलिंगहॅम नावाचा तरुण ‘मेकन टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या कचेरीत गेला. जाहिरातींची मांडणी करणाऱ्या चित्रकाराची जागा त्याला हवी होती. त्याचे केस खांद्यापर्यंत होते. त्याला नोकरी मिळाली नाही.

वृत्तपत्राचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. आमच्या माणसांचा व्यापाऱ्यांशी संबंध येतो. लांब केस पाहिले की त्यांना तो मेळा आठवतो, असे ते म्हणाले. उमेदवाराच्या हातात कला आहे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हता. विलिंगहॅमचा युक्तिवाद साधा होता : एवढेच लांब केस असलेली बाई आली असती, तर तुम्ही तिला केसांसाठी परत पाठविले असते काय? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने स्त्री-पुरुष भेदाला नोकरीत बंदी घातली होती, आणि त्याचाच आधार त्याने घेतला.

खालच्या न्यायालयात तो हरला. १९७३ साली अपील न्यायालयातील न्यायाधीशांच्या एका गटाने त्याची बाजू उचलून धरली. पण त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९७५ साली तो निर्णय फिरविला. माणसाला आपला वर्ण वा जन्म बदलता येत नाही. केस मात्र कापता येतात. म्हणून हा भेदभाव नव्हे, धंदा कसा चालवावा याविषयीची मालकाची निवड आहे. ज्याला ती मान्य नसेल त्याने दुसरीकडे नोकरी पाहावी, असा त्या निकालाचा आशय होता.

‘केस कापता येतात’ हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण ते सर्वांनाच लागू पडते काय? १९५९ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे सागर नावाच्या शीख गृहस्थाने बस-कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. केस राखणे हा त्यांचा धर्म. गणवेशाच्या निळ्या रंगाचा फेटा बांधून त्यावर बिल्ला लावण्याची त्यांची तयारी होती. नगरपालिकेला टोपीच हवी होती. वाद सात वर्षे चालला. १९६६ साली फेट्याला परवानगी मिळाली. पण तोवर सागर यांचे वय त्या नोकरीसाठी उलटून गेले होते!

एकाचे केस ही हौस, दुसऱ्याची ती श्रद्धा; कायद्याने दोहोंत फरक करावा, हे आम्हांस मान्य आहे. यंत्रावर काम करणाऱ्याने केस बांधावेत, स्वयंपाक्याने ते झाकावेत, यालाही कोणाची हरकत नसावी. तेथे कारण कामातूनच निघते. मेकन आणि मँचेस्टर येथे मात्र ते कामातून निघाले नव्हते. एका ठिकाणी ते गिऱ्हाइकाच्या भीतीतून निघाले, दुसऱ्या ठिकाणी सवयीतून.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला आपण खुशाल सांगावे, बाबा, नीटनेटका जा. केस कापायचे की नुसते विंचरून बांधायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. पण या सभागृहातील कित्येकजण उद्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच, की उमेदवाराच्या डोक्यावर काय आहे हे पाहून झाले असेल, तर डोक्यात काय आहे तेही विचारावे. न्हाव्याचे काम पाव तासाचे असते; नाकारलेल्या माणसाची वर्षे मात्र कोणताही निकाल परत देत नाही.