ताप उतरल्यावर सुरू होणारा आजार

पावसाळा सरत आला की वडखळ नाक्यापासून पेणपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर एक निदान फुकट मिळतं : 'तापाची कसर आहे, जाईल हळूहळू.' ते रुग्ण स्वतः करतो, त्याची सासू करते, बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस करतो आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याला मान डोलावतात. त्यामागचं मत असं, की विषाणूचा ताप पाच-सात दिवसांत उतरतो आणि तो उतरला की आजार संपला. मागे उरतो तो अशक्तपणा. त्याला एखादं सलाइन, ताकदीचं इंजेक्शन, पेज आणि विश्रांती पुरे. हे मत खोडायला जावं तर 'लोकांना घाबरवता कशाला?' हा प्रश्न तयारच असतो.

पूर्वपक्षाच्या पदरात त्याचं माप आधी टाकतो. तापानंतरची थकवण बहुतेक वेळा थकवणच असते. डेंग्यूनंतर महिनाभर जिना चढताना दम लागतो, चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात, आणि यातली बहुसंख्य माणसं आपोआप बरी होतात. गियाँ-बारे या हातपाय लुळे पाडणाऱ्या ज्या आजाराबद्दल मला मुख्यतः बोलायचं आहे, त्याचं प्रमाण वर्षाला लाखामागे एक-दोन एवढंच. पण हा आकडा घेऊन रायगडात या. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांवर होती. म्हणजे जिल्ह्यात दरवर्षी पंचवीस ते पन्नास माणसं. नाक्यावरच्या एका डॉक्टरच्या वाट्याला असा रुग्ण कित्येक वर्षांत एखादाच येणार. तो आला की आधीच्या हजारो थकलेल्यांच्या रांगेत बसवला जातो. यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. मत सहसा बरोबर ठरतं, म्हणूनच ते नेमक्या वेळी दगा देतं.

खरी चूक त्यातल्या गृहीतकात आहे : जंतू आहे तोवर आजार, जंतू गेला की आजार गेला. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, घरोघरी पाहिलेली नागीण पुरे. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या, अंगावरचे फोड सुकले, सगळे विसरले. विषाणू मात्र पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या मुळांत चाळीस-पन्नास वर्षं दडून बसतो आणि म्हातारपणी एखाद्या नसेच्या वाटेनं बाहेर पडतो. (नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती या निमित्तानं सोडून द्यावी. ती नस शरीराच्या एकाच बाजूला पोचते, म्हणून पट्टा सहसा मध्यावरच थांबतो. गेरू लावल्यानं तो अडला, असं मात्र नाही.)

गोवराचं उदाहरण याहून कठोर आहे. गोवर येऊन गेलेलं मूल पाच-दहा वर्षं धडधाकट असतं. मग शाळेत मागे पडू लागतं, हातातली वस्तू निसटते, चालता चालता झटका येऊन पडतं. गोवराचा विषाणू मेंदूत टिकून राहिल्यानं होणारा हा दाह फार क्वचित होतो, पण झाला की त्यावर खात्रीचा इलाज नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका अधिक. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली होती. तीत बरी होऊन घरी गेलेल्या मुलांचा हिशेब २०३०च्या आसपासही मिटलेला नसेल. प्रतिबंध लशीनं होतो. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असं म्हणून ती चुकवणाऱ्या घरांना हे कुणी सांगत नाही.

नागीण आणि गोवर यांत निदान विषाणू शरीरात असतो. गियाँ-बारेत तोही लागत नाही. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन छापलं : हातापायांतली शक्ती गेलेली, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी वाढलेल्या नाहीत. (आजाराच्या नावातून बिचारा स्ट्रोल गळाला.) पाठीच्या पाण्यात पेशी न वाढणं ही खूण मोलाची. जंतू तिथं घुसला असता तर पेशींची गर्दी दिसली असती.

मग नसांवर हल्ला कोण करतं? आपलीच प्रतिकारशक्ती. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती रंगानं कितीही वेगळ्या असोत, रंग न पाहता साचाच हातानं चाचपणाऱ्याला त्या एकच वाटतील. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जुलाबाच्या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूसाठी घडवलेली प्रतिपिंडं नसांनाही धरतात. प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून पाय लुळे पडेपर्यंत जुलाब थांबलेले असतात. विषाणूंच्या बाबतीत या साखळीची प्रत्येक कडी इतकी स्वच्छ दिसलेली नाही, पण कालक्रम तोच. म्हणजे ताप उतरणं आणि पाय जाणं यांत विरोध नाही. पुष्कळदा तो क्रमच आहे.

'तपासणीत विषाणू सापडला नाही, मग संबंध कसा जोडता?' हा आक्षेप वजनदार वाटतो. २०१३-१४मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हा गियाँ-बारेच्या ४२ रुग्णांचा अभ्यास झाला. दाखल होताना एकाच्याही रक्तात विषाणू मिळाला नाही. झिकाविरोधी प्रतिपिंडं मात्र ४१ जणांत होती. चोर निघून गेल्यावर पंचनामा करायचा तर ठसे पाहावे लागतात.

आपल्याकडे हा आजार घराघरांत माहीत झाला तो पुण्यामुळे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात रुग्ण निघू लागले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. त्या दिवसांत 'जीबीएस (म्हणजे गियाँ-बारेच) संसर्गजन्य आहे' अशी आवई उठली. ती चूक होती. पसरतात ते दूषित पाण्या-अन्नातले जंतू, लकवा नाही. पण पुण्यातून घ्यायचा धडा 'पाणी उकळा' एवढ्यावरच आटपला. जुलाब थांबल्यानंतरचे दोन-चार आठवडेही आजाराच्याच खात्यात धरावे लागतात, हा दुसरा धडा पाण्याबरोबरच वाहून गेला.

थकवा आणि लुळेपणा वेगळा ओळखता येतो का? बऱ्याच अंशी येतो. थकलेला माणूस उठायला कुरकुरतो, पण उठतो. नस गेलेल्याची इच्छा असते, पाय ऐकत नाहीत. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. एसटीची पायरी काल चढली, आज चढवत नाही. चालताना चप्पल पायातून सुटते आणि चार पावलांवर गेल्यावर कळतं. दोन्ही पावलांत मुंग्या, कमरेत कळ, आणि दिवसागणिक कमजोरी वर सरकणारी. चिकुनगुन्यात हे आणखी फसवं होतं, कारण दुखतं म्हणून चालत नाही की बळ नाही म्हणून, ते घरच्यांना उमगत नाही. २००६च्या मोठ्या साथीनंतर देशातल्या रुग्णालयांनी चिकुनगुन्यामागून आलेले मेंदूज्वर, मज्जारज्जूचा दाह आणि गियाँ-बारे नोंदवले आहेत. तेव्हा वेदनाशामक देऊन वेदना उतरल्यावरही पाय उचलत नसेल तर दोष सांध्यावर ढकलू नये.

करोनानं घरोघरी ऑक्सिमीटर दिला आणि त्याबरोबर एक खोटा दिलासाही. 'अठ्ठ्याण्णव आहे, काही नाही.' वर सरकणारी कमजोरी छातीपर्यंत पोचून श्वासाचे स्नायू दमत चालले तरी ऑक्सिजनचा आकडा बराच काळ टिकतो, आणि पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा एका श्वासात आकडे मोजायला सांगावं. वीसपर्यंतही पोचता येत नसेल तर थांबू नये. गियाँ-बारेच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो.

सलाइनमध्ये मीठ, साखर आणि पाणी असतं. नसेवर बसलेली प्रतिपिंडं त्यानं सुटत नाहीत. जीवनसत्त्व ब-१२च्या कमतरतेनंही मुंग्या येतात, त्यामुळे ताकदीचं इंजेक्शन अगदीच निराधार नाही. पण चार दिवसांत चढत जाणारा लुळेपणा त्याचा नव्हे. उपाय दोन : शिरेतून द्यायची इम्युनोग्लोब्युलिन, बहुधा पाच दिवस, किंवा रक्तद्रव बदलणं. दोन्हींचा उपयोग लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू केल्यास अधिक. नुसत्या स्टेरॉइडनं या आजारात लाभ होत नाही. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो आणि उलटा रस्ता पनवेलकडे जातो. कुठेही न्या, पण व्हेंटिलेटर असेल तिथंच न्या. सहा महिन्यांत दहांपैकी आठ जण पुन्हा आधाराशिवाय चालू लागतात, आणि भीती दाखवल्याच्या आरोपाला माझं उत्तर हेच.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर पोलिओच्या शोधासाठी त्याची नोंद होते, दोन आठवड्यांच्या आत दोनदा शौचाचा नमुना घेतला जातो. देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, तरी ही नोंद चालूच आहे. सोळा वर्षांचा मुलगा किंवा मिठागरावर काम करणारा चाळिशीतला माणूस या जाळ्यात येत नाही. आशाताई पावसाळ्यात घरोघरी ताप विचारत फिरतातच. तापाच्या घरी दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन 'उकिडवं बसून उठता येतं का?' एवढं विचारायला यंत्र लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. पण ज्या वहीत ताप उतरला की नाव खोडलं जातं, त्या वहीत हा प्रश्न लिहायला आज रकाना नाही.